दारू, रक्त आणि ठळक छापलेला आकडा

रक्ततपासणीचा छापील अहवाल आता घरोघरी येतो. त्याची मांडणी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. डावीकडे तपासणीचं नाव, मध्ये आलेला आकडा आणि उजवीकडे 'सामान्य मर्यादा'. आकडा मर्यादेबाहेर गेला की तो ठळक छापतात किंवा त्याच्यापुढे एक खूण करतात. मग बाकीचं सगळं सोडून नजर त्या खुणेवरच जाते. तपासणी यकृताची असली आणि आकडा वाढलेला असला, तर घरात किंवा कचेरीत कुणीतरी हळूच म्हणतं, 'घेतो वाटतं!'

या लेखात आम्ही अशा अहवालाचं परीक्षण करणार आहोत. पुस्तकाचं परीक्षण करताना त्यात काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय, हे दोन्ही आपण बघतो. अहवाल हेही लिखाणच आहे, आणि त्याच्यावरून माणसाची नोकरी, गाडी चालवण्याचा परवाना, कधी कधी घरातली पत ठरते. म्हणून त्यालाही हीच कसोटी लावायला हवी. तपासण्या खोट्या आहेत असं आमचं म्हणणं नाही. त्यांच्यामागचं रसायनशास्त्र पक्कं आहे. आमची तक्रार प्रश्नाबद्दल आहे. रक्त एका प्रश्नाचं उत्तर देतं आणि वाचणारा ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर समजतो. ही गफलत कशी होते ते पाहू.

दारू रक्तात राहते किती वेळ?

सर्वांत साधा विचार असा की, दारू पिणारा ओळखायचा तर रक्तात दारूच शोधावी. रस्त्यावर पोलीस हेच करतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर गाडी चालवणं हा गुन्हा ठरतो. पण शरीर मद्यार्क फार काळ ठेवून घेत नाही. यकृत तो एका ठरावीक वेगाने संपवत राहतं. १०० मिलिलीटर रक्तातलं प्रमाण तासाला ढोबळमानाने १५ मिलिग्रॅमने उतरतं. रात्री बारा वाजता १२० मिलिग्रॅम असेल तर सकाळी आठला शून्याजवळ आलेलं असतं. म्हणजे गेली दहा वर्षं रोज रात्री पिणारा माणूस सकाळी अकरा वाजता रक्त द्यायला आला, तर या तपासणीत तो कोरा निघू शकतो. उलट, आयुष्यात पहिल्यांदाच लग्नाच्या वरातीत पिऊन गाडीवर बसलेला मुलगा पकडला जातो. ही तपासणी 'आत्ता' सांगते. 'सवय' तिला दिसत नाही.

सवय म्हणजे किती, हेही इथेच सांगितलेलं बरं. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशेबाने ६० मिलिलीटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क येतो. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलीटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत दिवसाला पुरुषाने ६० ग्रॅमच्या आणि स्त्रीने ४० ग्रॅमच्या पुढे पिणं हे मोठ्या जोखमीचं मानलं आहे. या लेखात 'भरपूर पिणं' म्हणजे साधारण एवढं.

आडून लागणारा सुगावा

दारू निघून गेली तरी तिने केलेली उलथापालथ मागे राहते. ती मोजून सवयीचा माग काढायचा, असा पुढचा विचार. अहवालात नेहमी दिसणाऱ्या अशा दोन खुणा आहेत.

पहिली जीजीटी, म्हणजे गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सफरेज. हे एक विकर, म्हणजे एन्झाइम. पेशींच्या आवरणात ते असतं आणि यकृतात व पित्तनलिकांमध्ये भरपूर असतं. बरेच दिवस भरपूर दारू पोटात गेली की रक्तात त्याचं प्रमाण चढतं. पिणं थांबवलं की दोन-तीन आठवड्यांत ते साधारण निम्म्यावर येतं. इथपर्यंत ठीक. पण जीजीटी वाढवणारी कारणं दारूखेरीज पुष्कळ आहेत: लठ्ठपणा, मधुमेह, यकृतात साठलेली चरबी, पित्ताच्या वाटेतला अडथळा. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन या औषधांनीही ते वाढतं. वजन वाढलेल्या, मधुमेह झालेल्या आणि दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या बाईंचा जीजीटीचा आकडा ठळक छापून येऊ शकतो.

अशा यकृताच्या विकाराचं जुनं नावच 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' असं होतं. नावात 'अल्कोहोलिक' हा शब्द असल्याने रोग्याकडे उगाच संशयाने पाहिलं जातं, या कारणासाठीही २०२३ साली यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते नाव बदललं. एका शब्दाने माणसाला किती त्रास होऊ शकतो, याची ही कबुलीच म्हणायची.

दुसरी खूण एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. दारूमुळे अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या तांबड्या पेशी थोड्या फुगीर होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे ही खूण पिणं थांबल्यावरही तीन-चार महिने टिकू शकते. पण ब-१२ जीवनसत्त्व किंवा फोलेट कमी पडलं तरी पेशी अशाच फुगतात. पुण्यातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी सापडलं होतं. शाकाहारी घरांमधून तर ही उणीव फारच आढळते. म्हणजे जी खूण युरोपातल्या डॉक्टरला दारूची वाटेल, ती आपल्याकडे वरण-भाताच्या ताटाचीही असू शकते. याच्या उलटही घडतं. लोह कमी असेल किंवा थॅलेसेमियाचा एक जनुक अंगात असेल तर पेशी लहान राहतात. दारूने त्या फुगल्या तरी सरासरी मर्यादेच्या आतच भरते आणि खूण झाकली जाते.

जीजीटी आणि एमसीव्ही खरं म्हणजे 'यकृतावर ताण आहे का?' आणि 'तांबड्या पेशी नीट घडताहेत का?' या प्रश्नांची उत्तरं देतात. त्या प्रश्नांना ती उत्तम उत्तरं आहेत.

नेमक्या खुणा

याहून नेमकी खूण स्वीडनमध्ये सापडली. आपल्या रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन आहे. त्याच्या रेणूला साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांना बहुधा सायलिक आम्लाचे चार घटक असतात. १९७० च्या दशकात हेलेना स्टिबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की, भरपूर दारू पिणाऱ्यांमध्ये हे घटक कमी असलेलं ट्रान्सफेरिन वाढतं. त्याला सीडीटी म्हणतात. दिवसाला ५० ते ८० ग्रॅम मद्यार्क एक-दोन आठवडे पोटात गेला की ते वाढू लागतं. जीजीटीपेक्षा ही चाचणी निरपराध माणसाला कमी वेळा गोवते. ब्रिटनमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गंभीर गुन्ह्यात सापडलेल्यांना परवाना परत देण्याआधी हीच चाचणी करतात. तरीही काही माणसांमध्ये ट्रान्सफेरिनची घडणच जन्मतः वेगळी असते, काहींचं यकृत दुसऱ्या कारणाने फार बिघडलेलं असतं, आणि त्यांच्यात आकडा फसवा येतो. स्त्रियांमध्ये ही चाचणी पिणाऱ्यांना ओळखण्यात कमी पडते.

त्याच्याही पुढची खूण म्हणजे फॉस्फॅटिडिलइथेनॉल. १९८३ साली स्वीडनमधल्याच संशोधकांना दारू दिलेल्या उंदरांच्या अवयवांत एक अनोळखी मेदरेणू आढळला. पेशीच्या आवरणातल्या मेदाला एका विकराच्या मदतीने मद्यार्क चिकटून तो तयार होतो. मद्यार्क नसेल तर हा रेणू बनतच नाही. त्यामुळे लठ्ठपणा, मधुमेह, ब-१२ यांचा इथे संबंध येत नाही. तांबड्या पेशींमध्ये तो साठतो, साधारण चार ते दहा दिवसांत निम्मा होतो आणि काही आठवडे सापडू शकतो. २०२२ साली बासल इथे तज्ज्ञांनी मर्यादा सुचवल्या. या रेणूचा एक ठरावीक प्रकार मोजायचा. रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये तो २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल तर माणूस पीत नसावा किंवा अगदी थोडं पीत असावा, आणि २०० किंवा त्याहून जास्त असेल तर तो सतत भरपूर पीत असावा, असं धरायचं.

मग प्रश्न सुटला का? बराचसा सुटला, पण पूर्ण नाही. सारखंच पिणाऱ्या दोघांमध्ये हा आकडा सारखाच येतो असं नाही. दुसऱ्याचं रक्त चढवलं असेल तर त्या रक्तदात्याची दारूही यात मोजली जाऊ शकते. आणि मद्यार्क शरीरात आला, एवढ्यावरून तो कसा आला हे कळत नाही. लघवीतल्या इथाइल ग्लुकुरोनाइड या अशाच एका खुणेने हा धडा शिकवला. ती इतकी बारीक ओळखते की मद्यार्क असलेलं जंतुनाशक हाताला चोळण्याने किंवा तशा द्रवाच्या गुळण्यांनीही सापडू शकते. २००६ साली अमेरिकेतल्या व्यसनोपचारांसंबंधीच्या सरकारी संस्थेला सूचनापत्र काढून बजावावं लागलं की, फक्त या एका चाचणीच्या आधारावर कुणावर कारवाई करू नये.

आणि माणूस व्यसनी आहे का, त्याला पिणं थांबवता येतं का, हे यातली कुठलीच खूण सांगत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर रक्तात नसतंच.

राजमा आणि चवळी

आता अहवालात न छापलेल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. ही गोष्ट शिक्षकांना वर्गात सहज करून दाखवता येईल. त्यासाठी मूठभर राजमा, चवळी आणि दोन वाट्या पुरेत.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्याप्रमाणे १० ते ७५ वयाच्या भारतीयांपैकी ५.२ टक्के लोकांचं दारू पिणं घातक किंवा अवलंबून राहण्याच्या पातळीचं होतं. म्हणजे दोनशे माणसांत सुमारे दहा. तेव्हा १० राजमे आणि १९० चवळ्या घ्या. राजमा म्हणजे भरपूर पिणारा.

समजा, आपली तपासणी भरपूर पिणाऱ्या दहांपैकी सहांना पकडते आणि बाकीच्या दहांपैकी नऊ जणांना बरोबर सोडून देते. हे आकडे आम्ही हिशेबासाठी धरलेले आहेत, पण जीजीटीच्या बाबतीत ते उदारच आहेत. आता दाणे वेगळे करा. 'वाढलेला' अशा वाटीत ६ राजमे पडतील. १९० चे दहा टक्के, म्हणजे १९ चवळ्याही त्याच वाटीत पडतील. वाटीत एकूण २५ दाणे झाले. त्यातले खरे पिणारे सहा! ज्यांच्या नावापुढे ठळक आकडा आला त्या दर चार जणांमधल्या तिघांवर खोटा आळ आला.

आता तीच तपासणी व्यसनमुक्ती केंद्रात करू. तिथे येणाऱ्या दोनशेपैकी शंभर भरपूर पिणारे आहेत असं धरा. १०० राजमे, १०० चवळ्या. 'वाढलेला' वाटीत ६० राजमे आणि १० चवळ्या. सत्तरात साठ बरोबर. तपासणी तीच, यंत्र तेच, आकडाही तोच. फक्त माणसं कुठून आली ते बदललं आणि आकड्याचा अर्थ बदलला. कारखान्यातल्या सगळ्या कामगारांची सरसकट तपासणी करून 'दारुडे' शोधायची कल्पना का फसते, हे यावरून दिसेल. केंद्रातल्या डॉक्टरांना जे हत्यार कामाचं आहे, तेच कारखान्याच्या फाटकावर अन्याय करतं.

'सामान्य मर्यादा' या शब्दांचंही असंच आहे. बऱ्याच तपासण्यांत निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के ज्यात बसतात तो पट्टा म्हणजे ही मर्यादा. म्हणजे शंभरातले पाच निरोगी लोक व्याख्येनेच मर्यादेबाहेर! एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकाच वेळी केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के भरते. ०.९५ चा विसावा घात काढून आणि तो १ मधून वजा करून विद्यार्थ्यांना हे पडताळता येईल.

'नॉर्मल' या शब्दाचं काय?

खोट्या आळाबद्दल लिहिलं, पण आमच्या मते दुसऱ्या वाटीतला धोका जास्त मोठा आहे. व्यसनमुक्ती केंद्राचा हिशेब पुन्हा पाहा. 'नॉर्मल' वाटीत ९० चवळ्या आणि ४० राजमे पडले. म्हणजे ज्यांचा अहवाल स्वच्छ आला त्यांतले जवळजवळ तिसरा हिस्सा लोक भरपूर पिणारे आहेत.

हे घराघरात कसं वापरलं जातं? बायको, आई, मुलं वर्षानुवर्षं 'आता पुरे' म्हणत असतात. एक दिवस अहवाल येतो. सगळे आकडे मर्यादेत. मग तो कागदच वकील होतो. 'बघा, लिव्हर ठणठणीत आहे, उगाच माझ्या मागे लागता.' घरातल्यांना रोज डोळ्यांनी दिसणारी गोष्ट एका कागदाने खोटी ठरते. मात्र जीजीटी मर्यादेत असणं म्हणजे रक्तदाब, अपघात, मारहाण, कर्ज यांपासून सुटका नव्हे. मद्यपेयांचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केलेला आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, स्तन यांच्या कर्करोगाची सूचना जीजीटी देत नाही. तेव्हा त्या कागदाचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी त्या तपासणीत काही सापडलं नाही.

विचारून पाहिलं तर?

जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात सहा देशांतल्या लोकांचा अभ्यास करून दहा प्रश्नांची एक यादी बनवली. तिचं नाव 'ऑडिट'. किती वेळा पिता, एका वेळी किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं होतं का, कुणी काळजी व्यक्त केली का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. चाळीसपैकी आठ किंवा जास्त झाले तर सावध व्हायचं. वेल्समध्ये नेहमीच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या पुरुषांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात या साध्या प्रश्नांनी जीजीटी, एमसीव्ही आणि सीडीटी या तिन्हींपेक्षा चांगलं काम केलं, आणि तेही कमी खर्चात.

यावर लगेच शंका येईल, की माणूस खरं कशाला सांगेल? शंका रास्त आहे. उत्तरामुळे नोकरी किंवा परवाना जाणार असेल तर माणूस खोटं बोलेल. विचारणारा मदतीसाठी विचारतोय असा भरवसा असेल तर बहुतेक जण बऱ्यापैकी खरं सांगतात. म्हणजे भरवसा असतो तिथे प्रश्न पुरतात. भरवसा नसतो तिथे रक्ताकडे वळावं लागतं, आणि नेमक्या तिथेच चुकीची किंमत सर्वांत जास्त असते. म्हणून अशा ठिकाणी एका आकड्यावर कधीच थांबू नये. वेगवेगळ्या प्रकारच्या दोन खुणा पाहाव्यात, काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यावं, औषधं आणि आजार विचारावेत, आणि त्या माणसाला आपलं म्हणणं मांडू द्यावं.

अहवालात काय असायला हवं?

आमच्या परीक्षणाचा निष्कर्ष असा. छापील अहवाल आकडा अचूक देतो, पण तीन गोष्टी सांगत नाही. हा आकडा दारूखेरीज आणखी कशाने वाढतो? गेल्या किती दिवसांबद्दल तो बोलतो? आणि ज्या लोकांमधून हा माणूस आला त्यांच्यात असा आकडा किती वेळा चुकतो? यातल्या पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक तपासणीखाली दोन ओळींत मराठीत छापता येतील. त्याला नवं यंत्र लागत नाही. तिसरी गोष्ट डॉक्टरांनी समोरासमोर सांगायची आहे, कारण माणूस कुठून आला हे प्रयोगशाळेला ठाऊक नसतं.

शिक्षकांसाठी एक सूचना. राजमा-चवळीचा प्रयोग नववी-दहावीच्या संभाव्यतेच्या धड्याबरोबर जरूर करावा. मात्र त्यासाठी कुणाच्याही घरचा अहवाल वर्गात मागवू नये आणि 'तुमच्या घरी कोण पितं?' असं विचारू नये. दोनशे दाण्यांमधले दहा राजमे आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी खरोखरच असतात, आणि खोटा आळ आलेल्या चवळ्याही असतात. दाणे मोजताना त्या मुलांना हिशेब आपोआप समजतो. घरी पुढचा अहवाल येईल तेव्हा ठळक आकड्याच्या शेजारी वरचे तीन प्रश्न पेन्सिलीने लिहायची सवय त्यांना लागली, तर तो धडा परीक्षेनंतरही उपयोगी पडेल.